विहिरीत काच लागली

चैत्र सरता सरता मामेभावाचा फोन आला. "ताई, हिरीत काच लागलीया." मी काही विचारायच्या आत मागे कॉम्प्रेसर सुरू झाला आणि फोन तुटला.

विहीर खणताना काच लागणं ही दख्खनच्या पठारावर जुनी गोष्ट आहे. कुणी तिला काच म्हणतं, कुणी स्फटिक, कुणी गारगोटी, आणि पहिल्या दिवशी तरी सगळेच मनातल्या मनात हिरे म्हणतात. मला मात्र त्या फोनने वेगळंच काही आठवलं. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. खनिजांचा धडा दरवर्षी घेतला आणि एकही खनिज मुलांच्या हातात दिलं नाही. कपाटात नमुन्यांची लाकडी पेटी होती, चोवीस कप्प्यांची. पण आतल्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. चिठ्ठी गेल्यावर कोणता दगड कोणता, हे मुलांना काय, मलाही सांगता येईना. म्हणून पेटी कपाटात राहिली आणि मी फळ्यावर 'कठिनता', 'पाटन', 'कस' असे शब्द लिहीत राहिले.

या वेळी म्हटलं, चिठ्ठीशिवाय ओळखायचं. पिशवीत भाजी चिरायचा जुना चाकू टाकला, फुटक्या तावदानाचा तुकडा फडक्यात गुंडाळून घेतला. आजोबांच्या देव्हाऱ्यातला भोकाचा पैसा, न्हाणीघराच्या कामातून उरलेली टाइल, लोहचुंबक आणि चार लिंबं घेतली. मराठी विश्वकोशातल्या खनिजांच्या नोंदींची झेरॉक्सही घेतली. त्या नोंदी वाचायला कोरड्या, पण प्रत्येकीत तीच ओळ असते: पाटन असं, भंजन तसं, कठिनता इतकी, कस पांढरा. पोलिसाच्या कागदावर उंची, बांधा आणि डाव्या गालावर तीळ लिहावा तसं.

स्वारगेटहून बारामती आणि तिथून इंदापूरची एसटी. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी आणि मग लासुर्णे. हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला घोड्याचं. रस्ता आता रुंद झालाय आणि त्याचा एक फायदा पालखीशी संबंध नसलेला आहे: जिथे जिथे चढ कापलाय, तिथे जमिनीचं पोट उघडं पडलंय. वर हातभर काळी माती, तिच्याखाली पांढुरका पट्टा, मग मुरूम, मग पाषाण. खिडकीशी बसलं की नीरा डाव्या कालव्याखालचा हिरवागार ऊस दिसतो. पण नजर खाली ठेवली तर ऊस ज्याच्यावर उभा आहे तेही दिसतं. माझ्या शेजारच्या बाई माझ्या मांडीवरच्या टाइलकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "घर बांधताय व्हय?"

लासुर्ण्यात मामाचं वरचं रान कालव्याच्या चारीपासून लांब आहे. आवर्तन येईल तेव्हा येईल आणि येईल तेवढं येईल, म्हणून ही विहीर. सात परस झाली होती. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, एक परस म्हणजे सहा फूट. माणसाने दोन्ही हात पसरले की बोटांच्या टोकांमधलं अंतर. काठावर यारी उभी होती, तिची बादली घरघरत वर यायची आणि डबराच्या ढिगावर उलटी व्हायची. ढिगाच्या एका बाजूला ऊन पडलं होतं आणि ती बाजू चमकत होती. खरोखरच काचेचा ट्रक उलटला असावा अशी.

विहिरीच्या कामावरचा मुकादम साठीचा होता. माझी पिशवी बघून तो हसला नाही, हे मला आवडलं. त्याने बोटाने थर दाखवले. "वरती काळी. मग ही चुनखडी. मग मुरूम. हितनं मांजऱ्या सुरू." मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांनी भरलेला, जरा नरम खडक. पहारीचा आवाज बद्द येतो. त्याच्याखाली घट्ट काळा पाषाण, त्याचा आवाज खणखणीत. "काच मांजऱ्यातच गावती," तो म्हणाला, "पाषाणात न्हाई." भूशास्त्राच्या पुस्तकात याला दोन पानं लागतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून थिजले, भाकरीला पापुद्र्याखाली फुगे येतात तसे. मधला भाग सावकाश निवून घट्ट झाला. पुढे त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपलं आणि पाण्यातली विरघळलेली द्रव्यं भिंतीवर स्फटिक होऊन बसली. मुकादमाला हे सगळं 'मांजऱ्यात गावती' एवढ्यात माहीत होतं.

ढिगातून आम्ही दोन घमेली भरून घेतली आणि घरी पडवीत पोतं अंथरून बसलो. आम्ही म्हणजे मी, मामेभाऊ आणि त्याची नववीतली मुलगी. तिने कंपासपेटी आणली होती. तिचं कर्कटक माझ्या चाकूपेक्षा कामाचं निघालं. बाजेवर मामा पडल्या पडल्या बघत होता. वय पंच्याऐंशी, कान थोडे गेलेले, डोळे नाही.

माझी पहिली चूक अशी, की मी दगडांचे रंगाप्रमाणे ढीग लावायला घेतले. पांढरे इकडे, गुलाबीसर तिकडे, पारदर्शक मध्ये. मामा बाजेवरून म्हणाला, "पोरी, बैल घेताना रंग बघत्यात का दात?"

दात बघायचे तर सुरुवात ओरखड्यापासून. फ्रीडरिश मोस याने १८१२ साली दहा खनिजांची उतरंड लावली: तळाला शंखजिरे, मग जिप्सम, कॅल्साइट, फ्लुओराइट, ॲपेटाइट, ऑर्थोक्लेज, क्वार्ट्झ, पुष्कराज, कुरुविंद आणि माथ्यावर हिरा. वरच्याने खालच्यावर ओरखडा काढायचा, बस्स. हे आकडे मोजमाप नाहीत, मान आहे; पंगतीत कोण कुणाच्या आधी बसणार एवढंच ते सांगतात. नवव्या आणि दहाव्यातलं अंतर खालच्या सगळ्यांपेक्षा मोठं आहे. घरात हीच उतरंड अशी मिळते: नख अडीच, तांब्याचा पैसा तीन, काच आणि चाकू साडेपाचच्या आसपास. एक पथ्य मात्र पाळायचं. ओरखडा दिसला की बोट ओलं करून पुसायचं. पुसून गेला तर तो ओरखडा नव्हे, मऊ वस्तूने कठीण वस्तूवर सोडलेली पूड. खडूने फळ्यावर रेघ मारली म्हणून खडू फळ्यापेक्षा कठीण होत नाही. मी हे वाक्य पडवीत बोलले आणि वाटलं, एकतीस वर्षांत वर्गात का सुचलं नाही?

पहिला मोठा पांढरा तुकडा. नखाने काही होईना. पैशाने जेमतेम खरचटला. चाकूने सहज कोरला गेला. म्हणजे तीन. भाचीने लिंबू पिळलं. आधी काहीच नाही, मग कडेला बारीक बुडबुडे धरले, आणि चाकूने काढलेल्या पुडीवर पिळलं तेव्हा चांगलंच फसफसलं. कॅल्साइट. शेतातल्या चुनखडीचे खडे त्याच कुळातले. इथे आसपास चुनखडकाचे डोंगर नाहीत, म्हणून जुन्या वाड्यांचा चुना असे खडे भाजूनच काढत. इथून पुढे निमगाव केतकीचे पानमळे आहेत. पान तिथलं आणि त्याला लावायचा चुना कॅल्साइटच्या खापरपणतूंपैकी, असं म्हणायला हरकत नाही.

मग मी तो तुकडा पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठोकला. मामी स्वयंपाकघरातून ओरडली. पण जे झालं ते बघायला तीही बाहेर आली. तुकड्याचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा सारखाच: तिरकी, कललेली पेटी. बारीक चुऱ्यातसुद्धा तीच पेटी. "शंकरपाळ्या!" मामी म्हणाली. भाचीने कोनमापक लावला. सपाट बाजूचा रुंद कोपरा १०२ अंशांच्या जवळ, अरुंद ७८. दुसरा तुकडा, तिसरा, चौथा. ती मोजत राहिली आणि कोन हलेना. हे पाटन. खनिजाच्या आतल्या अणूंची रचना ज्या पातळ्यांवर कच्ची असते, तिथेच ते फुटतं. कॅल्साइटला अशा तीन दिशा आहेत, काटकोनात नसलेल्या. पॅरिसच्या हाउई नावाच्या पाद्र्याच्या हातून कुणाच्या तरी संग्रहातला कॅल्साइट पडला, तुकडे सारखे दिसले आणि त्यातून स्फटिकशास्त्र सुरू झालं, अशी गोष्ट सांगतात. १७८४ साली त्याने त्यावर पुस्तक छापलं. त्याच्या यजमानाने काय म्हटलं ते मला ठाऊक नाही. मामीने पाटा धुवायला नेला.

मामीकडून मी सैंधवाचा खडाही मागून घेतला आणि तिला खलबत्त्यात हलकेच ठोकायला लावला. तिथे सरळ, चौकोनी ठोकळे. पाटनाच्या दिशा तीनच, पण काटकोनातल्या. मामी म्हणाली, "आयुष्यभर कुटलं, कधी बघितलं नव्हतं."

कॅल्साइटच्या चुऱ्यात एक खडा पाण्यासारखा स्वच्छ निघाला, बोराएवढा. भावाने तो उचलून फडताळावरच्या सातबाऱ्यावर ठेवला आणि ओरडला. गट नंबर दोनदा दिसत होता. खडा फिरवला की एक आकडा जागेवर आणि दुसरा त्याच्याभोवती फिरे. डेन्मार्कच्या बार्थोलिनने १६६९ साली हेच बघून लिहून ठेवलं. प्रकाशाचा किरण या खनिजात शिरताना दोन वाटांनी जातो. भावाचं लक्ष बार्थोलिनकडे नव्हतं. त्याने खडा सरकवत क्षेत्राच्या रकान्यावर नेला. "दादा," त्याने मामाला हाक मारली, "रान डबल झालं." मामा म्हणाला, "तलाठ्याला दाव."

कॅल्साइट सोपा होता. पुढे घोळ सुरू झाला, कारण उरलेला ढीग बहुतेक झिओलाइटांचा होता. हे एकाच घरातल्या भावंडांसारखे; सगळ्यांचा कस पांढरा, टाइलवर घासून काही कळत नाही. कस हा शब्द आपण सोनाराकडून घेतला. सोन्याची रेघ त्याच्या काळ्या कसोटीच्या दगडावर उठते, खनिजाची टाइलच्या खरबरीत पाठीवर. पण पांढऱ्या रेघांतून पांढरी रेघ काय निवडणार? इथे पुन्हा पाटन कामाला आलं. गुलाबीसर, चाकूने ओरखडणारे, साडेतीन-चार कठिनतेचे स्फटिक दोन प्रकारचे होते. दोघांनाही पाटनाची एकच उत्तम दिशा, दोघांचीही ती बाजू मोत्यासारखी झळकणारी. पण एक मधे आवळलेला आणि दोन्ही टोकांना फिसकारलेला. "कडब्याची पेंढी," भाऊ म्हणाला. तो स्टिल्बाइट. दुसरा मधे फुगीर आणि टोकांना निमुळता. इंग्रजी पुस्तकं त्याला शवपेटीची उपमा देतात. लासुर्ण्यात शवपेटी कुणी पाहिलेली नाही. भाचीने दोन्ही बाजूंनी बघून ठरवलं: ढोलकी. तो ह्यूलँडाइट. या दोघांना बराच काळ तज्ज्ञही एकच समजत होते. पेंढी आणि ढोलकी म्हटलं असतं तर लवकर सुटले असते.

मग पांढऱ्या सुयांचे झुबके, एका बिंदूतून फाकलेले. स्कोलेसाइट. एक सुई माझ्या बोटात गेली आणि बाजरीच्या कुसळासारखी मोडून आत राहिली. ते कर्कटकानेच काढलं.

आणि आता माझी फजिती. घमेल्याच्या तळाशी एका काळ्या दगडाच्या पोकळीत चौकोनी खांब उभा होता, अंगठ्याएवढा, पारदर्शक, माथा मोत्यासारखा, बाजूंवर उभ्या बारीक रेघा. पोकळीला आतून हिरवट-काळं, नखाने निघणारं अस्तर होतं, सेलॅडोनाइटचं, आणि त्यावर तो खांब असा उभा, की देव्हाऱ्यात ठेवावा. ॲपोफायलाइट आहे हे मला बघताक्षणी कळलं होतं. विश्वकोशाची ओळही पाठ होती: पाटन एका दिशेने उत्तम. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला भाचीला कठिनता दाखवायची होती, साडेचार ते पाच. मी चाकूचं टोक खांबाच्या कडेला लावलं आणि दाबलं. उसाचं कांडं पेरावर मोडावं तसा वरचा अर्धा खांब कट्कन उडाला आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडला. मोड आरशासारखा सपाट.

कुणी काही बोललं नाही. ॲपोफायलाइट हे नाव ग्रीकमधलं आहे, पानापानांनी सुटणारा अशा अर्थाचं. १८०६ साली ते ठेवलं त्याच हाउईने, कॅल्साइट पडला होता त्याने. मला हे तेव्हाच आठवावं, हा काही योग म्हणायचा का?

"ह्याचं काय मिळालं असतं?" भावाने थोड्या वेळाने विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. राहुरीजवळ मोमीन आखाड्याच्या विहिरीतून हिरवे ॲपोफायलाइट निघाले, ते जगभरच्या संग्रहांत गेले. वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट दगड जमवणाऱ्यांना पुण्याच्या नावानेच ठाऊक आहे. सिन्नरला 'गारगोटी' नावाचं अख्खं संग्रहालय या दगडांवर उभं आहे. पण आमच्या घमेल्यातलं सगळं दख्खनभर सापडणारं, आणि बाराने तडकलेलं. सुरुंगाच्या बारातून पाटन असलेली वस्तू साबूत कशी राहणार? मी त्याला तसं सांगितलं. त्याला पटलं असावं, किंवा माझी दया आली असावी.

दुपारी भावाबरोबर खालच्या रानात गेले. तिथे कालव्याच्या पाण्याने जमीन चोपण झालीय, वर पांढरा फुलोरा आणि ढेकळं खडकासारखी. बांधावर जिप्समची पोती रचलेली. मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम जिप्सममधल्या कॅल्शियमने सुटतं आणि निचरा असेल तर पाण्याबरोबर वाहून जातं. निचरा नसेल तर पोती फुकट. भावाने आधी चर काढले, मग पोती आणली. मोसच्या उतरंडीवरचा दुसरा मानकरी इथे विकत आणून मातीत घालतात. तिथेच चारीच्या वाळूतून मी लोहचुंबक फिरवला. त्याला काळ्या बारीक कणांची दाढी लागली, मॅग्नेटाइटची. काळ्या पाषाणात ते असतंच. पाषाण झिजला की जड कण वाळूत मागे राहतात. भावाने चुंबक खिशात घातला. मला तो अजून परत मिळालेला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर स्टिल्बाइटची एक कपची मी चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत नेली. ती दुधाळ झाली, पानं सुटली, फुगून वळली. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेटने असंच काही बघून 'उकळणारा दगड' या अर्थी झिओलाइट हे नाव ठेवलं. स्फटिकाच्या जाळीत अडकलेलं पाणी उष्णतेने बाहेर पडतं. मामी म्हणाली, "गॅस बंद करा, दूध तापवायचंय."

पण तिने जाताना माळ्यावरून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. बोर्नव्हिटाचा, गंजलेला. मी विसरले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे यायचे तेव्हा जमवलेल्या माझ्या गारगोट्या. अकरा निघाल्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या माझ्या मनात गारगोट्याच होत्या. भाचीने एकेक घेऊन काचेवर ओढली. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, कठिनता सात, काचेवर रेघ उमटायलाच हवी. पहिली नापास. दुसरी नापास, लिंबाने फसफसली. तिसरीला मोत्याची झाक. नऊ दगड असे गेले. दहाव्याने काचेवर कर्र करून रेघ ओढली आणि ती ओल्या बोटाने गेली नाही. कडेला मोड होता तो सपाट नव्हता. शिंपल्यासारखा, आतून वलयं असलेला. क्वार्ट्झला पाटन नसतं, म्हणून त्याची धार हवी तशी काढता येते. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची पाती याच कुळातल्या कॅल्सेडोनीची निघाली. माझ्या अकरांत खरी गारगोटी ही एकच.

अकरावा खडा हिरवा होता, गुळगुळीत, चिंचोक्याएवढा. हा मला चांगला आठवत होता. भावाला तो चारीत सापडला होता. पाचू आहे असं त्याने शपथेवर सांगितलं होतं आणि मी जत्रेत घेतलेली माझी पत्र्याची भिंगरी देऊन तो घेतला होता.

भाचीने आता सराईतपणे गारगोटी उचलली आणि हिरव्या खड्यावर ओढली. पांढरा चरा उठला, पुसला तरी राहिला. पाचू साडेसात-आठचा, त्यावर गारगोटीची रेघ उठत नाही. मी खडा बल्बसमोर धरला. आत एक नीट गोल बुडबुडा होता. सोड्याच्या बाटलीचा तुकडा, कालव्याच्या पाण्याने घासलेला. दिवसभरात हाताखालून गेलेल्या सगळ्या दगडांत काच एवढी एकच.

मी तो भावापुढे ठेवला. त्याने उचलून उजेडाकडे धरला, फिरवून बघितला, बराच वेळ.

"भिंगरी तर कवाच मोडली," तो म्हणाला.